पालकातला धोतरा

टेबलावर उरलेल्या पालकातून पिवळी पानं वेचताना थोरलीच्या हाताला एक वेगळंच पान लागलं. रंग तोच, पण कडा दातेरी. तिनं ते बोटांत चुरगळून नाकाशी नेलं. उग्र, कडवट वास. धोतरा.

पावणेदहा वाजले होते. भाजीच्या अडतीस पिशव्या आठलाच गावात पोचल्या होत्या.

दोघी जावांनी ही सव्वा एकराची शेती सहा वर्षांपूर्वी सुरू केली होती. फवारणी नाही, पोत्यातलं खत नाही, आणि पिकेल ते गावातल्याच घरांत जायचं. दर शनिवारी कोपऱ्यावरच्या बेकरीत पिशव्या ठेवल्या की लोक येऊन आपापली घेऊन जात. थोरली माती सांभाळायची, धाकटी माणसं. एकीला बोलायचा कंटाळा, दुसरीला गप्प बसायचा, त्यामुळे दोघींचं छान जमायचं.

थोरली ते पान मुठीत धरून वाफ्याकडे धावली. ओळीच्या शेवटच्या टोकाला, पालकाच्या खुंटांमध्ये, विळ्यानं नुकतेच कापलेले जाडसर बुंधे होते. तिनं वाकून मोजले. पाच. ही रोपं तिला मंगळवारी दिसली होती. बाहेरून आणलेल्या शेणखतातून बी आलं असावं. ‘उद्या उपटू’ असं मनाशी म्हणाली होती आणि टोमॅटोला काठ्या रोवण्याच्या नादात विसरली होती. आज पहाटे धाकटीनं अंधुक उजेडात मूठ मूठ धरून सरसकट कापलं होतं.

धाकटी क्रेट धूत होती. थोरलीनं पान तिच्यापुढे धरलं. वास घेताच धाकटीचा चेहरा पांढरा पडला.

“मी कापलं?”

“तू कापलंस, पण मी वाढू दिलं होतं. ते नंतर बघू. यादी काढ.”

धाकटीनं फोन हातात घेतला, पण नंबर लावला नाही. “ताई, लोकांना सांगायचं काय? पालकाला कीड लागलीय, टाकून द्या म्हणू? धोतरा म्हटलं तर पुन्हा कोण दारात उभं करेल आपल्याला?”

थोरलीलाही क्षणभर ते पटलं. मग ती म्हणाली, “कीड म्हटलं तर लोक निवडून, धुऊन खातील. आणि कुणी आधीच खाल्लं असेल तर डॉक्टरला काय सांगतील, कीड लागली होती?”

पहिला फोन धाकटीनं पाळणाघराला लावला. तिथं तीन पिशव्या जायच्या आणि साडेअकराला बावीस मुलं जेवायला बसायची. दोनदा घंटा वाजून थांबली. तिसऱ्यांदा स्वयंपाकघरातल्या मावशींनी उचलला.

“बोल गं पटकन, पालक शिजलाय, मिक्सरला लावायचाय.”

“मावशी, थांबा. त्यात विषारी पाला गेलाय, धोतऱ्याचा. मुलांच्या तोंडी एक घासही जाऊ देऊ नका.”

पलीकडे चमचा खाली ठेवल्याचा आवाज आला. “मी चव घेतली ना गं. मीठ बघायला.”

“किती?”

“दोन चमचे.”

“कुणाला तरी सोबत घ्या आणि लगेच दवाखाना गाठा. धोतरा म्हणूनच सांगा.”

धाकटी फोनवर बसली आणि थोरलीनं स्कूटर काढली. बेकरीत अकरा पिशव्या अजून तशाच होत्या. तिनं एकेक उघडून पालक बाहेर काढला. बेकरीवाल्यानं पावाच्या दरांची पाटी पुसली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं : ‘आजचा पालक खाऊ नका. विषारी आहे.’ लिहून झाल्यावर त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती मान हलवून म्हणाली, “राहू दे तसंच.”

सव्वाअकराला धाकटीचा फोन आला. सदतीस पिशव्यांचा पत्ता लागला होता. कुणी रडलं होतं, कुणी शिव्या घातल्या होत्या, पण मावशी सोडून खाल्लं नव्हतं कुणीच. राहिले होते निवृत्त हेडमास्तर. वय एकोणऐंशी, घरात एकटे. घरी असले की कानातलं यंत्र काढून ठेवायची सवय. जेवण साडेदहाला.

थोरली दोन-दोन पायऱ्या चढत त्यांच्या मजल्यावर पोचली. आतून रेडिओचा मोठा आवाज येत होता. तिनं बेल दाबली, दार बडवलं, हाका मारल्या. समोरच्या बाई घाबरून बाहेर आल्या. जादा किल्ली त्यांच्याकडे असायची, पण घाईत ती सापडेना. तीन खण उपसल्यावर सापडली.

हेडमास्तर टेबलाशी बसले होते. समोरचा वाडगा रिकामा होता. चेहरा लालबुंद, डोळ्यांतल्या बाहुल्या पसरून बुबुळं नुसती काळी. हवेतलं काहीतरी बोटांनी वेचत ते कोरड्या घशानं म्हणत होते, “मागच्या बाकावर कोण बोलतंय? खाली बसा सगळे.”

“सर, चला माझ्याबरोबर,” ती त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाली.

“तास संपल्याशिवाय नाही.”

“संपला, सर. घंटा झाली.”

तेव्हा कुठे ते उठले.

दवाखान्यात तिनं रुमालात बांधून आणलेलं पान डॉक्टरसमोर उघडलं. ते मऊ, ओलं झालं होतं. “कशाचं विष आहे ते शोधण्यातला वेळ वाचला,” एवढंच बोलून डॉक्टर आत गेले. मावशी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. जवळचं अंधुक दिसतंय म्हणाल्या, पण शुद्धीवर होत्या.

तीन वाजता हेडमास्तरांची मुलगी आली. “ते विश्वासानं खायचे तुमच्याकडचं,” ती म्हणाली. “मला सांगायचे, यात भेसळ नसते.”

“कापलं मी,” धाकटी पुढे झाली.

थोरलीनं तिला मागे सारलं. “रोपं मला दिसली होती. उपटायची माझ्याकडून राहिली.”

मुलीनं पाठ फिरवली.

हेडमास्तर दुसऱ्या दिवशी माणसं ओळखू लागले, चौथ्या दिवशी घरी आले. थोरली भेटायला गेली.

“मी वर्ग भरवला होता म्हणे,” ते म्हणाले.

“हो सर.”

“गडबड फार होती वर्गात.” ते हसले. “मुलगी म्हणते, ती पिशवी बंद करा. ती म्हणाली नसती तरी मी सध्या घेणार नव्हतो. पान तोंडाशी नेलं की भीती वाटते गं.”

 “बरोबर आहे, सर,” म्हणून थोरली उठली.

पाळणाघरानं भाजी बंद केली, नऊ घरांनीही. पुढच्या शनिवारी सव्वीस पिशव्या निघाल्या, त्याही अकराला. कारण कापणी आता उजाडल्यावरच होत होती आणि प्रत्येक जुडी पांढऱ्या चादरीवर पसरून दोघी पाहत होत्या. त्या दिवशी पिशव्या पोचवायला थोरली स्वतः गेली आणि बेकरीच्या दारात उभी राहिली. लोक आले. काहींनी तिच्या नजरेला नजर न देता पिशवी उचलली. एका बाईंनी मात्र तिथंच काउंटरवर जुडी सोडली आणि एकेक पान उलटून पाहायला सुरुवात केली. मागच्या माणसानंही आपली जुडी सोडली.

थोरलीची कानशिलं तापली. धाकटी असती तर काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. थोरलीनं काउंटरवरचे पावाचे ट्रे बाजूला केले आणि त्यांना जागा करून दिली.

“इथं उजेड जास्त आहे,” ती म्हणाली. “सावकाश बघा.”