झाकणावरचा पोचा

वर बघा, वर. लक्ष्मीपुरीत अल्ताफच्या दुकानात आलात, तर सगळ्यात वरच्या फळीवर, वायरींच्या गुंडाळ्यांमागे एक काळा चपटा डबा दिसेल. तो मी. मी एक व्हीसीआर बोलतोय. आताच्या पोरांसाठी सांगतो, माझ्या तोंडात कॅसेट घातली की टीव्हीवर सिनेमा दिसायचा.

स्वभावानं मी जळकुकडा आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझा जन्म कारखान्यात झाला. तिथले दिवस तेवढे सुखाचे गेले, कारण तिथं सगळेच सारखे होते. जळायचं कुणावर?

कसबा बावड्यात आण्णांच्या घरी आलो, तेव्हा अख्ख्या गल्लीत माझ्यासारखा दुसरा नव्हता. आण्णांच्या बायकोनं, बाळाबाईंनी, झाकणावर कुंकू लावलं, वरून दोऱ्यानं विणलेला रुमाल घातला. मला वाटलं, आता या घरात आपलंच राज्य. पण आण्णांच्या गोठ्यात एक म्हैस होती आणि तिचं नाव होतं आवडी. नाव ठेवतानाच निकाल लागलेला होता.

संध्याकाळी धार काढून झाली की आण्णा तिच्या पाठीवर पसरट हातानं दोन थापा मारायचे. थप, थप. भिंतीपलीकडून मला ते ऐकू यायचं. मला ते शिवायचे ते एका बोटानं, बटण दाबण्यापुरते. "आवडे, आज पेंड कमी खाल्लीस गं?" असं तिला विचारायचे. मी काय खाल्लं, काय नाही, याची कुणाला पडलेली नव्हती. एकदा मी रागाच्या भरात भाड्यानं आणलेल्या सिनेमाची टेप खाऊन टाकली. तेव्हा मात्र सगळं घर माझ्याभोवती गोळा झालं. बरं वाटलं मला.

कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशींचा काय थाट असतो, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. शिंगं रंगवायची, मोरपिसांचे तुरे लावायचे, गळ्यात कवड्यांच्या माळा घालायच्या आणि वाजतगाजत मिरवायचं. आवडी तर आण्णांच्या नुसत्या आवाजावर त्यांच्या मोटारसायकलीमागून पळायची. एका पाडव्याला मिरवणुकीनंतर गल्लीला सिनेमा दाखवायचा म्हणून टीव्ही आणि मला बाहेर सोप्यात बाकावर मांडलं होतं. बाळाबाई आवडीला ओवाळायला ताट घेऊन आल्या, कुणीतरी फटाका लावला, ती बिचकली, मान झटकली आणि तिचं शिंग माझ्या झाकणात बसलं. मी धाडकन फरशीवर आपटलो.

आण्णा धावत आले. मी म्हटलं, आले बाबा एकदाचे! त्यांनी तिचं शिंग हातात धरलं. "लागलं न्हाय न्हवं गं?"

माझ्या झाकणाच्या कोपऱ्याला हा पोचा पडला तो तेव्हाचा. आतलं नुकसान कुणाला दिसलं नाही. टेप ज्या खुंट्यांना वळसा घालून जाते, त्यांतला एक सूतभर वाकला.

दिवाळी झाल्यावर शूटिंगवाला घरी आला. त्यानं कॅमेरा मला जोडला आणि पाडव्याच्या मिरवणुकीची कॅसेट माझ्याकडूनच भरून घेतली. पोचा पडल्यापासून भाड्याच्या कॅसेटी माझ्यावर धड दिसेनात. लोक कॅसेटवाल्याला शिव्या द्यायचे. स्वच्छ दिसायची ती फक्त आवडीची कॅसेट, कारण ती माझ्याच वाकड्या अंगानं भरलेली. म्हणजे पाहुणे आले की मी काय करायचं, तर सवतीची मिरवणूक दाखवायची!

आवडी म्हातारी होऊन गेली, त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. पुढं चपटा टीव्ही आला आणि मला भंगारात घातलं, त्या दिवशी घरात श्रीखंड होतं.

भंगारवाल्याकडून मला अल्ताफनं उचललं. लोकांच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरात उतरवून द्यायचा त्याचा धंदा. टेबलावर माझ्याच कंपनीचा एक व्हीसीआर आहे. त्याला मी 'खालचा' म्हणतो. मला वाटलं होतं, आता आम्ही जोडीनं काम करू. अल्ताफनं माझं झाकण उघडलं, आतला पट्टा काढून त्याला घातला, रबरी रूळ काढून त्याला बसवला आणि मला फळीवर ठेवून दिलं. कागलची लग्नं, जोतिबाच्या दुकानदारांच्या घरची बारशी, सगळं तो बघतो, आणि बघतो ते माझ्या पट्ट्यावर. बघून झालेलं कॉम्प्युटर स्वतःपाशी ठेवून घेतो. माझ्या वाट्याला धूळ.

आणि परवा दुकानात एक बाई आली. हाताला धरून एका म्हाताऱ्याला आणलं, स्टुलावर बसवलं. मी वरून पाहिलं. आण्णा! उजवा हात लोंबत होता, तोंड एका बाजूला ओढलेलं. बरोबरची त्यांची नात, क्रांती.

"अल्ताफभाई, एवढी एकच कॅसेट हाय," ती म्हणाली. "झटका आल्यापास्नं आण्णांचं बोलणं गेलंय. त्यांचा आवाज आमच्याकडं दुसऱ्या कशातबी न्हाय. माझ्या पोरीनं तर ऐकलेलाच न्हाय."

अल्ताफनं टेपवरची बुरशी हलक्या हातानं पुसली आणि कॅसेट खालच्याला दिली. पडद्यावर नुसत्या पांढऱ्या रेघा. आवाज पाण्यात बुडाल्यासारखा. अल्ताफनं बटणं फिरवून पाहिली, काही उपयोग झाला नाही. मी वर खूश होतो. बस आता मिरवत!

"ताई, ज्याच्यावर ही भरली, ते मशीनच वाकडं असणार," अल्ताफ म्हणाला. "ही त्याच्यावरच लागंल."

"त्यो कवाच भंगारात गेला की हो!"

आण्णा मात्र मघापासून वर बघत होते. त्यांनी डावा हात उचलला आणि फळीकडं बोट केलं.

"पाणी पायजे व्हय, आण्णा?" क्रांतीनं विचारलं.

त्यांनी मान हलवली. बोट तसंच. अल्ताफनं मला खाली उतरवलं आणि त्यांच्यापुढं धरलं. आण्णांनी पोच्यात अंगठा घातला आणि मान डोलावली. मला भरून आलं. ओळखलं मला! मग ध्यानात आलं की त्यांनी ओळखलं ते तिच्या शिंगाला.

अल्ताफनं खालच्याचं पोट उघडून माझा पट्टा आणि रूळ मला परत दिले. त्या घडीचं सुख काय वर्णावं! मग तो क्रांतीला म्हणाला, "एकदाच लावूया. टेप कुजत आलीया, आन् ह्यो डबाबी म्हातारा. ह्यानं खाल्ली, तर माझ्याकडं इलाज न्हाय."

क्रांतीनं आण्णांकडं पाहिलं. "लावा," ती म्हणाली.

कॅसेट आत आली. चित्र लागलं. तीच ती, रंगवलेली शिंगं, तुरे, माळा. इतकी वर्षं झाली तरी माझा तिळपापड झाला. टेप वाकड्या खुंट्यापाशी अडखळली. जरासं ढिलं सोडलं असतं, तर आवडी कायमची माझ्या पोटात गेली असती, आणि दोष म्हातारपणावर गेला असता. सोडावं, असं मला मनापासून वाटलं.

तेवढ्यात आवाज आला. "आवडेऽऽ! ये गं, ये! त्येंच्याकडं काय बघतीस? मी हितं हाय की!"

स्टुलावर आण्णा पुढं झुकले. तोंड उघडलं, ओठ हलले, पण त्यातून काही आलं नाही. दुकानात जो आवाज होता, तो फक्त माझ्यातून येत होता. तिला चावलं असतं, तर तोही गेला असता. तिचं चित्र आणि त्यांचा आवाज, दोन्ही एकाच टेपवर होतं. मी टेप घट्ट धरली, शेवटपर्यंत धरली. एक रेघ उठू दिली नाही.

"उतरलं सगळं," अल्ताफ कॉम्प्युटरकडं बघून म्हणाला. क्रांती डोळे पुसत आवाज मोबाईलवर घेऊन पुन्हा पुन्हा लावू लागली. माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. सवयीचंच होतं ते.

मग आण्णा उठले. टेबलाला टेकत माझ्याजवळ आले. डावा हात पसरून त्यांनी माझ्या झाकणावर दोन थापा मारल्या. थप, थप.

त्या मला होत्या की तिला, याचा विचार करत मी बसलो नाही. खोटं कशाला बोलू? बसलो. अजून बसलोय.

पट्टा आणि रूळ पुन्हा खालच्याकडं गेले आहेत. उद्या माझे बाकीचे अवयवही जातील, त्याबद्दल माझी तक्रार नाही. अल्ताफ, माझं एवढंच मागणं आहे. हे पोचा पडलेलं झाकण भंगारात घालू नकोस. आणि काही झालं तरी त्या खालच्याला बसवू नकोस.