रुमालाखालचा भाव

पाटोद्याच्या ज्या मैदानावर मी चाळीस वर्षं बैलांची दलाली केली, तिथं आता टीव्ही-फ्रीजची साठ दुकानं झालीत. टीव्ही घ्यायला गेलो, तर सगळीकडं एकच भाव, तोही पाटीवर उघडा लिहिलेला. उघडा भाव फसवायलाच असतो, हे आमच्या धंद्यात वासरालाही कळतं.

दुकानदार रामेश्वर म्हणाला, "बंकटमामा, पुढल्या साली अजून शंभर दुकानं होनार. अख्खा जिल्हा हितंच येनार हाय."

"कावून बे? तुमी समद्यांनी आतून हात मिळवलाय म्हणून?"

मी खांद्यावरचा रुमाल आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. बैलाचा खरा भाव असाच रुमालाखाली, बोटं दाबून ठरतो. बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. रामेश्वरचा बापही दलालच, त्यामुळं त्याला खूण कळली. तो हसला आणि त्यानं माझी पाचही बोटं दोनदा दाबली. म्हणजे दहा हजार. पाटीवरही दहाच हजार!

मी हात झटकून उठलो आणि टीव्ही न घेताच घरी आलो. रुमालावर आणि रुमालाखाली एकच भाव सांगणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. असल्या माणसाचा काय भरवसा?