फुगलेला फोन

शिंपीकाकांनी फोन कापडाच्या चिंधीत गुंडाळून आणला होता. तीन वर्षं तो रात्रंदिवस चार्जरला लावलेला. बॅटरी फुगून मागचं झाकण उचकटलं होतं. "बाबा, एक दिवस हा घर पेटवेल," असं लेकीनं निर्वाणीचं सांगितलं, तेव्हा कुठे स्वारी वाचनालयामागच्या खोलीत आली. तिथे जुने फोन जमा करून घेत.

टेबलामागच्या बाईंनी फोन अलगद वाळूच्या ट्रेमध्ये ठेवला. "काका, सतत चार्जिंगला? कशासाठी?"

"माझा वापरायचा फोन वेगळा आहे. पण माझ्या धाकट्या मुलाकडे ह्याचाच नंबर आहे. हा बंद पडला आणि नेमका तेव्हाच त्यानं फोन केला तर?"

तीन वर्षांपूर्वी धाकट्यानं शिवणाचं दुकान चालवायला नकार दिला, तेव्हा काका म्हणाले होते, "मग तोंड दाखवू नकोस," आणि पोरगं शब्दाला जागलं. हट्ट बापाचाच उचललेला. दोष कुणाला द्यायचा?

"अहो, नंबर फोनात नसतो, कार्डात असतो," बाई म्हणाल्या. चिमट्यानं कार्ड काढून त्यांनी काकांच्या खिशातल्या साध्या फोनाच्या दुसऱ्या खाचेत बसवलंसुद्धा. काका ओशाळले. तीन वर्षं राखण केली ती नुसत्या डब्याची!

"आता आतलं सगळं पुसायचं. बटण ज्याचा फोन त्यानंच दाबायचं, असा इथला नियम आहे. काही उतरवून घ्यायचंय?"

"धाकट्याचा नंबर."

बाईंनी मान वर केली. "तो होता तुमच्याकडे? मग तुम्ही का नाही केला?"

"मी बाप आहे," काका म्हणाले. घरी हे कारण फार भक्कम वाटायचं. इथे, अनोळखी बाईंसमोर, त्यांना त्याची लाज वाटली.

बाईंनी फोनातली यादी उघडली. त्यांनी नंबर कागदावर लिहून दिला. काकांनी बटण दाबलं. पडदा काळा झाला, आणि बाईंनी फोनवर वाळू लोटली.

काका दाराशी जाऊन थांबले. चष्मा सावरत एकेक आकडा दाबला. तिसऱ्या घंटीला आवाज आला, "बाबा?"

तीन वर्षं घोकलेलं खडसावणं कुठल्या कुठे पळालं. "अरे, तो जुना फोन टाकायला आलोय," काका कसेबसे म्हणाले. "म्हटलं, तुला सांगावं."



"बाबा, मी रोज तुमचा नंबर काढायचो, पण लावायचो नाही," धाकटा म्हणाला. "ठेवू नका हां लगेच."

"नाही ठेवत," काका म्हणाले, आणि तिथेच पायरीवर बसले.