सीमांचलला उठवू नका

मी एक जुनी लव्हाळ्याची चटई आहे. मित्रांनो, तुमच्या घरची चटई सकाळ झाली की गुंडाळून कोपऱ्यात उभी राहते. मला गुंडाळायला नऊ वर्षे कुणाला सवड झाली नाही. त्या नऊ वर्षांत माझ्यावरची ऊब फक्त एकदा निवली. ती वेळ मला अजून सोडत नाही, म्हणून मी बोलायला बसले आहे.

माझा जन्म ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यातला, ऋषिकुल्या नदीच्या काठचा. कुंतला नाहक नावाच्या बाईने लव्हाळे कापले, उन्हात वाळवले आणि मला विणले. तिचा एकुलता एक मुलगा सीमांचल सुरतेला यंत्रमागावर कामाला निघाला होता. शेवटची गाठ मारून तिने माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "माझ्या पोराला गाढ झोपव गं. बाकीचं तो बघून घेईल." मला सांगितलेले काम एवढे एकच होते.

सुरतेत वेड रोडच्या एका मेसमध्ये, म्हणजे कामगारांच्या राहण्या-जेवण्याच्या जागेत, चाळीस जणांच्या खोलीत भिंतीलगत मला जागा मिळाली. चटईएवढी जागा आणि तीही दोघांत एक. सीमांचलचा जोडीदार दंडपाणी गौड, वयाने चार वर्षांनी लहान, म्हणून त्याला भाईना, म्हणजे दादा, म्हणायचा. दोघे एकाच कारखान्यात, त्याच मागांवर. एकाची पाळी सकाळी सात ते संध्याकाळी सात, मग दुसऱ्याची. पंधरा दिवसांनी पाळ्या उलटायच्या. एक मागावर असला की दुसरा माझ्यावर. कारखान्याच्या दारात दिवसातून दोनदा गाठ पडायची, तेव्हा "आज डालमा बरा झालाय" एवढे जेवणाचेच बोलणे व्हायचे.

रात्रपाळी करून सीमांचल साडेसातला यायचा. न्हाणीपुढची रांग, मग भात, आडवा व्हायला दहा वाजायचे. दुपारी एकला गावाहून त्याच्या मुलीचा, झिलीचा फोन यायचा. शाळेतून आली की ती बापाला पाढे म्हणून दाखवायची. रात्रपाळीच्या पंधरवड्यात तो फोन त्याने कधी चुकवला नाही. मग डोळा लागतो न लागतो तोच चारला पाण्याची मोटर सुरू व्हायची आणि स्वयंपाकघरात भांडी आदळायची. दिवसपाळीच्या पंधरवड्यात झोपायला रात्र मिळायची, पण तेव्हा झोप यायची नाही. शरीराला दिवस कुठला नि रात्र कुठली हेच कळेनासे झाले होते. "मला चार तास पुरतात," असे तो ऐटीत सांगायचा आणि लोकांना ते खरे वाटायचे.

मला वाटत नसे. तो पालथा झोपायचा आणि त्याची छाती माझ्यावर टेकलेली असायची. पहिल्या वर्षी झोप लागली की तिची गती हळूहळू उतरायची. पुढे ती उतरेनाशी झाली. माणूस माझ्यावर पडलेला आणि आत माग चालूच. त्याचे पोट सुटले. उठला की भज्यांवर तुटून पडायचा, तांब्याभर पाणी प्यायचा, तरी तहान भागत नसे.

शेवटी दंडपाणीने त्याला धर्मादाय दवाखान्यात पाठवले. आठवड्यातून एक दिवस कारखान्याची वीज बंद असायची, त्या दिवशी दोघे माझ्यावर बसून राहायचे, कारण दोघांनी आडवे व्हायला जागा पुरत नसे. तेव्हाचे त्यांचे बोलणे मला आठवते.

"काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?"

"साखर वाढलीय, प्रेशर वाढलंय. मी म्हटलं, बेन, गोड बंद करतो. तर म्हणे, ते कर, पण झोपतोस किती ते सांग. चार तास म्हटल्यावर हातातलं पेनच खाली ठेवलं त्यांनी."

"मग?"

"माणूस झोपला की रक्ताचा दाब उतरतो म्हणे, हृदयाला जरा टेकायला मिळतं. तू त्याला टेकूच देत नाहीस. झोप नसली की साखर जिरत नाही, वर भूक दुप्पट लागते. सात तास झोप म्हणाल्या, गोळीइतकंच ते गरजेचं. मी म्हटलं, चिठ्ठीवर लिहून द्या बेन, कुठल्या दुकानात मिळते बघतो."

सीमांचल स्वतःच्याच विनोदावर हसला. दंडपाणी हसला नाही.

"झिलीला सांग, संध्याकाळी फोन कर म्हणून."

"संध्याकाळी मी मागापाशी. त्या खटखटाटात पाढे ऐकू येतील का मला? तेरापर्यंत आलीय पोरगी."

"मग एक दिवस सुटी घे. पोटभर झोप. तुझे माग मी चालवतो."

"आणि तू कधी झोपशील? मोठा आला दानशूर."

असे म्हणून त्याने विषय उडवून लावला.

मार्चमधली गोष्ट. सकाळी तो आला, गोळी घेतली, आडवा झाला. एकला फोन आला. झिली तेरा आठेला अडखळली. "एकशे चार," तो म्हणाला, "उद्या नीट म्हण." पाचच्या सुमाराला त्याच्या छातीत काहीतरी आवळले. अंगाला दरदरून घाम सुटला. त्याने माझी कड इतकी घट्ट धरली की चार काड्या तुटल्या. हाक मारली, पण मागांनी कान गेलेली ती खोली, वर कुणाचा तरी रेडिओ. कुणालाच ऐकू गेले नाही. मग तो भिंतीकडे तोंड करून निपचित पडला. छाती धडपडत होती, थांबत होती, पुन्हा धडपडत होती.

सात वाजून गेले तरी सीमांचल कारखान्याच्या दारात दिसला नाही, म्हणून दंडपाणी मागांवर शेजाऱ्याला उभे करून धावत खोलीवर आला. वाकून बघितले. त्याला किती आनंद झाला म्हणून सांगू.

"झोपलाय," तो म्हणाला. "खरंच झोपलाय." अंगावर चादर ओढून तो खोलीभर सगळ्यांना सांगत फिरला, "सीमांचलला उठवू नका रे. त्याची पाळी मी करतो."

रेडिओ बंद झाला. आचाऱ्याने भांडी हळू ठेवली. ओरडल्याशिवाय ज्यांना बोलता येत नव्हते, ती सगळी माणसे कुजबुजू लागली. नऊ वर्षांत खोली पहिल्यांदा शांत झाली. आणि मित्रांनो, त्या शांततेत माझ्यावरची छाती अजून हलत होती. ते फक्त मला माहीत होते. नऊ वाजता ती थांबली. मध्यरात्रीपर्यंत ऊब निवली. त्यावेळी कुणी उठवले असते तर तो वाचला असता का, ते मला ठाऊक नाही. मी हजारदा विचार केला आहे.

सकाळी दंडपाणी चोवीस तासांची पाळी करून आला. डोळे लाल, तरी हसत. "झाली का पोटभर?" म्हणत त्याने पाय हलवला.

मेलेल्याची चटई टाकून देतात. दंडपाणीने मला टाकू दिले नाही. जोडीला पीतबास नावाचा नवा माणूस आला. दंडपाणी जेवणाच्या सुटीत खोलीवर धावत यायचा आणि त्याला गदागदा हलवायचा.

"जिवंत आहे रे भाईना," पीतबास वैतागून म्हणायचा. "झोपू तरी दे."

दंडपाणीला स्वतःला मात्र झोप येईना. दुपारी एक वाजला, झिलीच्या फोनची वेळ झाली, की तो दचकून उठून बसायचा. छाती दुसऱ्याची होती, पण आत तोच माग चालू झाला होता. मी घाबरले.

एप्रिलमध्ये तो गावी गेला आणि मला कुंतलापुढे अंथरले. तुटलेल्या चार काड्यांवरून तिची बोटे फिरली.

"मावशी," तो म्हणाला, "उठवू नका म्हणून मीच सांगितलं होतं."

तिने तुटक्या काड्या आत दुमडल्या. मग म्हणाली, "त्याला झोपू द्यावं असं वाटणारा तिथं तू एकटाच निघालास. तू कधीपासून झोपला नाहीस?"

"येते थोडी."

"पड इथं."

"हिच्यावर नको, मावशी."

"हिला मी एक काम सांगितलं होतं. ते राहिलंय."

तो भीतभीत आडवा झाला. दुपारी एकला झिली शाळेतून पाढे म्हणतच आली. आजीने ओठांवर बोट ठेवले. "काकाला उठवू नको."

तेच शब्द ऐकून माझ्या अंगावर काटा आला. पोरगी दप्तर टाकून त्याच्याजवळ बसली. तिने पाठीवर अलगद तळवा टेकवला आणि कुजबुजली, "हलतंय, आजी." थोड्या वेळाने पुन्हा तळवा टेकवला. "हलतंय."

मित्रांनो, तुमच्या घरातही "मला चार तास पुरतात" म्हणणारे कुणीतरी असेल. त्याचे ऐकू नका. त्याला लवकर झोपवा आणि तो झोपला की जवळपास राहा. दंडपाणी दिवेलागणीपर्यंत झोपला. त्याच्या छातीची गती हळूहळू उतरत गेली आणि झिली तळवा टेकवून बसून होती.