केसभर मागे

"मला वाईट शिकवणारा मास्तर हवाय," दारातच उभी राहून सुभद्रा म्हणाली.

कुशाबा तबल्याची चामड्याची वादी दातांत धरून ओढत होता. फणसवाडीतल्या त्याच्या खोलीत दारापासून खिडकीपर्यंत तबले, डग्गे आणि पखवाज पडलेले असत. माणसाला बसायला जागा शोधावी लागे. त्याने वादी सोडली.

"इथं तबले दुरुस्त होतात, बाई. शिकवणं बंद करून दहा वर्षं झाली."

"ठाऊक आहे. ग्रँट रोडच्या नाटकमंडळीत तुम्ही नाच शिकवत होतात. तुमच्या हातचा पोरगा भर खेळात आडवा झाला आणि लोकांनी मंडळीची हुर्यो उडवली. म्हणून तर आले. आणखी तीन मास्तर बघून झाले, पण ते सगळे चांगले निघाले."

इतकं तोंडावर त्याला आजवर कुणी बोललं नव्हतं. पाठीमागे सगळेच बोलत. खरं एवढंच होतं, की रंगमंचाची एक फळी कुजली होती. तिच्यावरून पोरगा पडला, आणि त्याला उचलायला धावलेल्या कुशाबाचा गुडघा त्याच भोकात जाऊन कायमचा कामातून गेला. मालकांनी दुसऱ्या दिवशी फळी गुपचूप बदलली आणि मास्तर मात्र चारचौघांत बदलला. कुशाबा भांडला नाही. बारा वर्षं लखनौच्या उस्तादांचा हुक्का भरून, त्यांची धुणी धुऊन मिळवलेली विद्या घेऊन तो खाली मान घालून या तबल्यांपाशी येऊन बसला. त्याने भांडायला हवं होतं असं मला अजून वाटतं. पण काही माणसांना भांडताच येत नाही, नुसतं धुमसता येतं.

"निघा," तो म्हणाला.

सुभद्रा निघाली नाही. दोन डग्गे बाजूला सारून ती आत येऊन बसली आणि पदराचं टोक मुठीत आवळून एका दमात सांगत सुटली.

"मी मागल्या रस्त्याच्या सोनूबाई नायकिणीच्या घरची. ती माझी मावशी. माझी कालिंदी अकरा वर्षांची आहे. मावशीनं काळबादेवीच्या एका कापूसवाल्या शेटजींना शब्द दिलाय. पोर तयार झाली की दसऱ्यापासून त्यांच्या बैठकीत नाचायला उभी राहील. एकदा उभी राहिली की माघारी फिरायला वाट नाय, मास्तर. मला उभी केली तेव्हा मी पण अकराचीच होते."

"मग तिला शिकवूच नका."

"मावशी दुसरा मास्तर आणील. नाय शिकवलं म्हणून पोर सुटत नाय. शिकवून जमलं नाय, तरच सुटेल. मुलींच्या शाळेतल्या बाईंनी तिला घेईन म्हटलंय. पण बैठकीत उभी राहिलेली पोर त्यांना चालायची नाय."

बाहेर घोड्याच्या ट्रामची घंटा वाजून दूर गेली. रागावायला हवं, हे कुशाबाला कळत होतं. पण दहा वर्षांत त्याच्या खोलीत तालावर एक पाऊल पडलं नव्हतं, आणि माणूस भुकेला असला म्हणजे ताट कुणी कोणत्या हेतूने वाढलं हे बघत नाही.

"उद्या सकाळी आणा पोरीला," तो म्हणाला.

कालिंदी आली ती किडकिडीत, सावळी, आणि घाबरलेली. त्याने आपले जुने लहान चाळ तिच्या पायांत बांधले, दुरुस्तीला आलेला एक तबला पुढे ओढला आणि सोळा मात्रांचा ठेका धरला. "पहिल्या मात्रेला सम म्हणतात, पोरी. कुठंही भटक, पण फिरून त्याच जागी येऊन टेकायचं. कळलं?"

पोरीने मान हलवली. तिसऱ्या आवर्तनाला तिचं पाऊल समेवर पडलं. चौथ्याला पडलं. पाचव्याला त्याने मुद्दाम लय वाढवली, तरी पडलं, आणि पडताना पोर स्वतःशीच हसली. कुशाबाचा हात तबल्यावर थांबला. असे पाय त्याने उस्तादांच्या घरीसुद्धा एकदाच पाहिले होते.

त्याने कालिंदीला खाली नळावर पिटाळलं आणि सुभद्राकडे वळला.

"हे पाप माझ्याकडून करवू नका, बाई. हे पाय बिघडवायचे नाहीत."

"माझे पण पाय होते," सुभद्रा म्हणाली. "माझ्या पायांनी घर चाललं. मावशीची माडी उभी राहिली, झुंबरं आली. मला काय मिळालं? रस्त्यातनं गेले तर आयाबाया पोरी आवरून घेतात. पोरीला चुकत चुकत तिथनं बाहेर पडायला शिकवा, एवढंच मागते."

"नुसतं चुकून भागायचं नाय. तुमची मावशी बहिरी आहे काय?"

"डोळे गेलेत. कान शाबूत आहेत. चाळीस वर्षं नाचलीय ती."

"झालं तर! चुका ऐकल्या की ती म्हणेल, सराव कमी पडला. आणखी सहा महिने बसवेल. लयच नाय असं दिसलं, तरच ती हात टेकेल. आणि ज्याच्या अंगात लय नाय, तो कसा नाचतो सांगू? तो सगळं बरोबर करतो आणि समेवर केसभर मागे येतो. दर वेळी केसभर. त्याला स्वतःला पत्ता नसतो."

"मग तेच शिकवा."

"त्यासाठी सम कुठं आहे ते तिला पक्कं कळायला हवं. म्हणजे आधी खरं शिकवायला हवं, मग खोटं."

ज्येष्ठापासून दसऱ्यापर्यंत रोज सकाळी सुभद्रा पोरीला घेऊन येत राहिली. मावशीला तिने सांगितलं होतं, मास्तरांचा पाय अधू आहे, त्यांना आपला जिना चढवत नाही. कुशाबा पहिले तीन महिने खरं शिकवत होता. तो बसूनच शिकवी. हातांनी पावलं दाखवी, तोंडाने बोल म्हणे. कालिंदी ते असं उचले, की शेजारच्या खोलीतली बाई निवडायचं सूप घेऊन दारात येऊन बसू लागली. सुभद्रा मात्र भिंतीकडे तोंड करून बसे. तिला पोरीकडे बघवत नसे, कारण बघितलं की आनंद होई, आणि त्या आनंदाची तिला भीती वाटे.

चौथ्या महिन्यात त्याने खोटं शिकवायला घेतलं. पोर पहिल्यांदा रडली. "मास्तर, पाय आपोआप पडतो. मी काय करू?"

"आधी मनात सम टाक. मग पाय टाक."

खोटं शिकायला तिला खऱ्यापेक्षा जास्त कष्ट पडले. पण नवरात्र बसेपर्यंत तेही तिला आलं. ती केसभर मागे आली की कुशाबा डोळे मिटून घेई, आणि तोंडाने म्हणे, "शाबास."

दसऱ्याच्या सकाळी कुशाबा मागल्या रस्त्याच्या सोनूबाईच्या घरचा जिना कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत चढला. दिवाणखान्यात पाटावर तानपुरा, तबला आणि सोनूबाईचे जुने चाळ मांडून त्यांना झेंडू वाहिला होता. शेटजींचा मुनीम दुपारी निरोप न्यायला येणार होता. सोनूबाई तक्क्याला टेकून बसली होती. पांढरे झालेले डोळे छताकडे, आणि उजवा हात मांडीवर.

"धरा ठेका," ती म्हणाली.

कुशाबाने धरला. कालिंदी नाचली. पहिल्या समेवर केसभर मागे आली. दुसऱ्या, तिसऱ्या समेवरही तेवढीच मागे. सोनूबाईच्या कपाळावर आठी पडली. तिने पुन्हा नाचायला लावलं. पुन्हा तेच. सुभद्रा दाराची चौकट धरून उभी होती. चार महिन्यांत पहिल्यांदा तिला मोकळा श्वास घ्यावासा वाटला.

"थांब गो," सोनूबाई म्हणाली. "मास्तर, काल आमची मोलकरीण शेवंती बाजारातून आली ती तुमचं नाव ऐकूनच आली. तुमच्या हाताखालची माणसं समेवर येत नाहीत, आडवी होतात म्हणे."

कुशाबाने तबला बाजूला सारला, तो आवाज सोनूबाईने ऐकला.

"मला वाटलंच. पोरीत खोट नाय, मास्तरात आहे. सुभद्रे, कुठला माणूस शोधलास हा? मुनिमाला सांगते, दिवाळीपर्यंत थांबा. उद्यापासून भेंडीबाजारचे उस्ताद घरी येतील. माझ्या डोळ्यांदेखत... माझ्या कानांदेखत शिकवतील."

सुभद्राच्या तोंडचं पाणी पळालं. वाईट मास्तर हवा म्हणून तिने गिरगाव पालथं घातलं होतं, आणि मास्तर वाईट ठरला की पोर निर्दोष ठरते हे एवढ्या महिन्यांत तिच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. घरी बसणाऱ्या उस्तादापुढे कालिंदीचे पाय चार दिवस लपले नसते. तिने कुशाबाकडे पाहिलं. त्यालाही ते त्याच क्षणी कळलं होतं.

तो भिंतीचा आधार घेऊन उभा राहिला.

"सोनूबाई, तुमचे चाळ द्या."

"काय?"

"पाटावरचे. पोरीचे माझ्या पायात बसायचे नाहीत."

"पूजेतले आहेत ते. माझ्या पायांतून उतरले त्याला बारा वर्षं झाली. कुणी हात नाय लावला."

"मला खोटा मास्तर म्हणालात. दसऱ्याचा दिवस आहे. चाळ द्या आणि ठेका तुम्ही धरा. एका समेला जरी चुकलो, तर तुमच्या जिन्यावरून मला ढकलून द्या."

मग सोनूबाईने हात जोडून पाटाला नमस्कार केला आणि म्हणाली, "बांध गो सुभद्रे त्यांच्या पायांत."

सुभद्राने बांधले. गाठ दोनदा सुटली.

सोनूबाई टाळीने ठेका धरून बसली. सुरुवातीला सरळ, मग चढती. कुशाबाचा एक हात भिंतीवर होता. साठीचा, अधू, तबल्याच्या शाईने बोटं काळी झालेला माणूस. पण पाऊल पडलं आणि चाळ असे बोलले, की जिन्यात गप्पा मारणाऱ्या बायका गप्प झाल्या. सोनूबाईने त्याला चकवायला लय दुप्पट केली. तो समेवर आला. तिने मध्येच टाळी देणं थांबवलं, नुसती शांतता ठेवली. त्या शांततेतूनही तो समेवर आला. सुभद्राची टाच जमिनीवरून उचलली गेली आणि तिची तिलाच लाज वाटली. शेवटी त्याने भिंतीचा हात सोडला, एकच बोल तीनदा घेतला आणि तिसऱ्याचं शेवटचं अक्षर समेवर टाकलं. त्या पावलाबरोबर त्याच्या गुडघ्यात काहीतरी कडकन वाजलं. तो पडला नाही. दात आवळून उभा राहिला.

"आई गं," सोनूबाई हळूच म्हणाली. दुःखाने नव्हे. कितीतरी वर्षांत तिने असं ऐकलं नव्हतं.

"हे सगळं मी त्या पोरीला दिलं," कुशाबा म्हणाला. त्याला धाप लागली होती. "चार महिने, रोज. भिंतीला दिलं असतं तर भिंतीनं घेतलं असतं. तिच्या अंगात लय नाय, सोनूबाई. कुणी येऊ दे, भेंडीबाजारचा येऊ दे नायतर लखनौचा. ती केसभर मागेच येणार."

कालिंदीने त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले, आणि ते रडणं खोटं नव्हतं. हुंदका सोनूबाईने ऐकला.

मग तिने शेवंतीला हाक मारली. "मुनीम आला की सांग, आमच्या घरातनं ह्या वेळी पोर उभी राहायची नाय." आणि सुभद्राला म्हणाली, "ने तुझी पोर तुला पायजे तिथं. आणि मास्तर, तुम्हाला वाईट म्हणणाऱ्याची जीभ मी धरीन. आज मी ऐकलं ते गिरगावात सगळ्यांना सांगेन."

दहा वर्षं ज्याची वाट पाहिली ते नाव कुशाबाला त्या सकाळी परत मिळालं. ते घ्यायला त्याला आपल्या एकुलत्या एक शिष्येवर खोटा आळ घ्यावा लागला. त्याने वाकून चाळ सोडले, पाटावर ठेवले आणि निघाला.

जिना उतरताना गुडघा वाकेना. दोन पायऱ्या उतरून तो तिथेच बसला. मागून कालिंदी आली. तिच्या हातात त्याचे लहान चाळ होते.

"मास्तर, आईनं परत द्यायला सांगितलेत." ती थांबली. "खरंच नाय माझ्या अंगात?"

कुशाबाने चाळ घेऊन, वाजू नयेत म्हणून फडक्यात गुंडाळले. मग कठड्याच्या लाकडावर नखाने, अगदी हळू, सोळा मात्रा धरल्या.

"दाखव," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला.

पोर अनवाणी होती. ती डोळे मिटून उभी राहिली, एक आवर्तन जाऊ दिलं, आणि दुसऱ्याला तिने पायाचा अंगठा पायरीवर टेकवला. जिथे टेकवायला हवा होता, बरोबर तिथेच.

वर सोनूबाईला काही ऐकू आलं नाही.