चौघांनी भरलेली झारी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची झारी आहे. बाहेरून निळी, आतून गंजलेली. माझ्या तोंडाच्या चाळणीतली निम्मी भोकं बुजली आहेत, त्यामुळे माझं पाणी एका बाजूला जरा जास्त पडतं. माझ्याकडून फार भावनांची अपेक्षा ठेवू नका. रिकामी असले की मला काही वाटत नाही, भरलेली असले की जड वाटतं. पत्र्याला याहून जास्त काय वाटायचं?

माझा जन्म पनवेलच्या एका बोळात झाला. सिताराम नावाच्या कारागिराने तेलाचा डबा कापला, ठोकला, डाग दिला, खिळ्याने भोकं पाडली आणि मला दाराबाहेर टांगलं. तिथून मला शांतीने उचललं. शांती घणसोली गावची, मासळी विकणारी. घरी नेल्यावर तिने नवऱ्याच्या होडीचा उरलेला निळा रंग मला फासला. "या रंगानं होडी बुडली नाय, झारी काय गंजंल?" असं ती म्हणाली. आतून फासायला विसरली, ती गोष्ट वेगळी.

माझी कामाची वर्षं शांतीच्या गच्चीवर गेली. गावातलं घर, त्यावर चढवलेला मजला, त्यावर भाड्याच्या खोल्या आणि सगळ्यात वर ही गच्ची. तिथे थर्माकोलच्या मासळीच्या खोक्यांत आणि रंगाच्या डब्यांत शांतीची झाडं होती. मासळी धुतलेलं पाणी ती माझ्यात भरायची आणि कढीपत्त्याला घालायची. श्रावणातसुद्धा. कुणी नाक मुरडलं तर म्हणायची, "झाडांना श्रावन नसतो गो."

रस्त्यापलीकडे नवे टॉवर उभे राहिले. त्यातल्या एका बाल्कनीतून एके सकाळी एक बाई ओरडली, "अहो ताई, ते गुलाबी फुलांचं काय आहे?"

"अडेनियम!" शांती खालून ओरडली.

"एक फांदी द्याल का?"

"फांदी नको, बी देते! ओरडू नको, खाली ये!"

ती सुचिता. दहा मिनिटांत ती चपला घालून गच्चीवर हजर झाली. अडेनियमच्या शेंगा बैलाच्या शिंगांसारख्या जोडीने येतात आणि पिकल्या की तडकून त्यांचं बी वाऱ्यावर उडून जातं. म्हणून शांती शेंगेला दोरा बांधून ठेवायची. त्या दिवशी तिने तो दोरा सोडला आणि सुचिताच्या ओंजळीत बी ठेवलं. म्हणाली, "फांदीचं झाड लागतं, पन त्याला पोट सुटत नाय. बियाचं झाड लावलंस का खाली असं गरगरीत पोट येतं. त्या पोटात त्याचं पानी असतं. म्हनून वरनं पानी कमी घाल. लाड केलेस का मेलं समज."

ती मैत्री अशी जमली. सुचिताने बी रुजवलं, काही वर्षांत त्याचं शांतीच्या शब्दांतलं गरगरीत पोट झालं. मग सुचिताच्या सोसायटीतली, पूर्वी घाटकोपरला मोठी बाग सांभाळलेली जागृती आली, निवृत्त झालेले हरेशभाऊ आले. दर रविवारी सेक्टरच्या बागेत बाकावर रोपांची देवाणघेवाण व्हायची. कुणाची शेवंती, कुणाचा गवती चहा, कुणाची मधुमालती. ज्याने झाड दिलं त्याच्याच नावाने ते ओळखायचं, अशी या मंडळींची रीत होती. त्यामुळे त्यांचं बोलणं ऐकून बागेत फिरायला आलेली माणसं थबकायची.

"हरेशभाऊंना मावा लागलाय गं, साबणाचं पाणी मारलं."

"जागृतीला ऊन सोसत नाही. तिला मोरीजवळ हलवलं."

"शांतीताई काय म्हणतात?"

"फुलल्यात! सगळ्या अंगाने फुलल्यात!"

आणि शांती मोठ्याने हसायची.

या दिवाळीनंतर शांतीचं पोट दुखायला लागलं. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी ती मला घेऊन सुचिताकडे आली. "माझी झारी ठेव तुझ्याकडं. गच्चीवर ठेवली तर आमचा निकेश तिच्यात सिमेंट कालवंल. चार दिसांत नेते."

ती परत आली नाही.

दहाव्याला सुचिता गावात जाऊन आली. आली, चप्पल काढली, हात-पाय धुतले आणि सोफ्यावर बसली. रडली नाही. मी बाल्कनीच्या दाराशी होते, मला सगळं दिसत होतं. त्यानंतर ती रोज तशीच बसू लागली. टीव्ही चालू, आवाज बंद. कुणी आलं तर दार उघडायची, "या" म्हणायची, चहा ठेवायची. दूध उतू जाताना त्याच्याकडे बघत उभी राहायची. ज्या बाल्कनीत ती दात घासतानासुद्धा यायची, तिथे तिचं पाऊल पडेनासं झालं. निकेशचा फोन आला, "काकी, आईची झाडं घेऊन जा, नायतर सुकतील." ती "हो" म्हणाली आणि फोन ठेवून पुन्हा टीव्हीकडे बघू लागली.

जागृतीने तिचा हात धरला. "रडून घे गं एकदा."

"कशाला? मला काही होत नाहीये," सुचिता म्हणाली. खोटं बोलत नव्हती. तिला खरंच काही होत नव्हतं. हे मला कळलं, कारण मीही तशीच.

आता खरी गोष्ट सांगते. सुचिताचा नवरा नंदकिशोर. झाडांशी त्याचं देणंघेणं नाही, मोगरा आणि तुळस एवढीच ओळख. पण त्याने पाहिलं, बायको झाडांकडे बघत नाही. म्हणून तो सकाळी कामावर जाण्याआधी गुपचूप मला भरायचा आणि सगळ्या कुंड्यांत पाणी घालायचा. मग घरकाम करणाऱ्या बायजाबाई यायच्या. "वहिनींचं मन थाऱ्यावर नाही, झाडं बिचारी तहानली असतील," असं पुटपुटत त्याही मला भरायच्या. दुपारी जागृती भाजीचा डबा घेऊन यायची आणि "जरा बाल्कनीत वारा खाते" म्हणत माझ्याकडे वळायची. संध्याकाळी हरेशभाऊ फेरी मारून वर्तमानपत्र मागायला यायचे. त्यांच्या घरीही तेच वर्तमानपत्र येतं. पण सुचिताने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. तेही मला भरायचे.

सुचिताला कळू द्यायचं नाही म्हणून प्रत्येकजण गप्प. आणि गप्प असल्यामुळे एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. मित्रांनो, इतका मान मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता. माझी मूठ चकाकायला लागली.

थंडीत अडेनियम झोपतं. त्याला तेव्हा पाणी जवळजवळ लागतच नाही. काही दिवसांत त्याची पानं पिवळी पडली. जागृतीने पाहिलं, हळहळली. "अगं बाई, सुकत चाललंय हे!" आणि तिने मला पुन्हा एकदा भरलं. संध्याकाळी हरेशभाऊंनी गळलेली पानं पाहिली. "च्च च्च, तहानलंय," म्हणाले, आणि माझं सगळं पोट त्याच्या मुळाशी रिकामं केलं. दुसऱ्या दिवशी नंदकिशोरने पानं नाहीत हे पाहून दोनदा घातलं. पान गळायचं, की पाणी पडायचं. पाणी पडायचं, की पान गळायचं. मला वाचा नाही. असती तरी मी काय बोलले असते कोण जाणे. मी फक्त जड होत होते आणि हलकी होत होते.

रविवार आला. सुचिता बागेत येत नाही म्हणून जागृती आणि हरेशभाऊ रोपांच्या पिशव्या घेऊन तिच्याच घरी आले. नंदकिशोर घरी होता. बायजाबाई ओट्याशी भांडी घासत होत्या. सुचिता सोफ्यावर.

"सुचिता, ही बघ निशिगंधाची गड्डी," जागृती म्हणाली.

"छान आहे," सुचिता म्हणाली. बघितलं नाही.

"आणि तुझं ते..." जागृती अडखळली. त्या झाडाचं 'शांतीताई' हे नाव त्या घरात आता कुणी घेत नव्हतं. "ते अडेनियम. पानं गळतात गं त्याची. मी रोज पाणी घालते, तरी."

हरेशभाऊंनी मान वर केली. "तुम्ही रोज घालता? मी रोज घालतो."

"तुम्ही कशाला घालता?" नंदकिशोर म्हणाला. "सकाळी मी घालून जातो ना."

ओट्यावरून बायजाबाईंचा आवाज आला, "मग मी कोणत्या झाडांना घालते म्हणायचं?"

बायजाबाईंनी वाहता नळ बंद केला.

सुचिता उठली. अनवाणीच बाल्कनीत आली, अडेनियमसमोर उकिडवी बसली आणि त्याच्या पोटावर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. पिकल्या पपईत जावा तसा.

"चौघं?" ती म्हणाली. सुरुवातीला अगदी हळू. "चौघंजण?"

"अगं, आम्हाला वाटलं..."

"काय वाटलं? मातीत एकदा बोट घालून बघता आलं नाही कुणाला? चिखल झालाय इथे! भात लावा आता, भात! हरेशभाऊ, तुमच्या घरी पेपर येत नाही का हो? आणि तू गं जागृती, घाटकोपरची मोठी बाग सांभाळलेली म्हणे! कुजवलंत! ते एवढंसं बी होतं, शेंगेत दोऱ्याने बांधून ठेवलेलं... अहो, सुरी आणा! बघत काय उभे राहिलात? धारेची आणा, कांदा कापायची बोथट नको!"

नंदकिशोर धावला. बायजाबाई पदराला हात पुसत धावल्या. मला आठवतं, ओरडा खाणाऱ्या त्या चौघांच्या चेहऱ्यांवर भीती होती आणि तिच्याखाली, कसं सांगू, जीवात जीव आल्यासारखं काहीतरी होतं. इतक्या दिवसांत सुचिता पहिल्यांदा कुणावर तरी चिडली होती.

तिने झाड उपटलं. कुजलेली मुळं मातीतच राहिली. मग ती खालून चकत्या कापू लागली. कुजलेल्या अडेनियमचं असंच करतात. पांढरा, कोरडा गर लागेपर्यंत कापत वर जायचं. लागला तर झाड वाचलं.

पहिली चकती तपकिरी. दुसरी तपकिरी. कुबट वास सुटला. तिसरी, चौथी. पोट अर्धं संपलं.

"लागेल का गं पांढरं?" जागृतीने विचारलं.

"गप्प बस."

पोट पूर्ण संपलं. फरशीवर चिखलाच्या रंगाच्या चकत्यांचा ढीग झाला. वरच्या फांद्यांपैकी एक मऊ, दुसरी मऊ. तिसरीला सुरी लावली तेव्हा करकर आवाज आला. आत पांढरंशुभ्र.

सुचिताने ती फांदी मांडीवर घेतली.

"जगेल?" नंदकिशोरने विचारलं.

"लागेल कदाचित. पण पोट सुटणार नाही त्याला आता. ते गेलं." तिचा आवाज पुन्हा सपाट झाला होता. पण हात चालू होते. तिने त्या फांदीचे चार तुकडे केले, प्रत्येकाच्या तोंडाला हळद लावली आणि एकेकाच्या हातात एकेक ठेवला. नंदकिशोरच्या, बायजाबाईंच्या, जागृतीच्या, हरेशभाऊंच्या.

"आणि तुला?" जागृतीने विचारलं.

"माझ्याकडे ठेवून चौघं मिळून परत बुडवाल. आपापल्या घरी न्या. अहो, तुमचा तुम्ही बेडरूमच्या खिडकीत ठेवा. आधी आठवडाभर सावलीत नुसता वाळवायचा, मग मातीत. आणि पाणी? कुणी विचारलं तरी नाही म्हणायचं."

हरेशभाऊ तुकडा रुमालात गुंडाळत म्हणाले, "सुचिताताई, आम्ही इथे यायचं की आता तेही बंद?"

सुचिताने फरशीवरचा चिखल पुसला. पुसता पुसता म्हणाली, "या. पण वार लावून या. पूर्वी गरीब मुलं आज या घरी, उद्या त्या घरी वार लावून जेवायची ना, तसं. रोज तुम्हा सगळ्यांसमोर बरी आहे म्हणून बसायचं मला नाही जमत." मग फडकं पिळत, "उद्या जागृतीने यावं. निकेशच्या गच्चीवर जायचंय. एकटीला जिना चढवणार नाही."

मित्रांनो, पुढचं थोडक्यात. हरेशभाऊंना राहवलं नाही, त्यांनी पाणी घातलं, त्यांचा तुकडा कुजला. बायजाबाईंचा त्यांच्या खोलीवर उंदराने नेला. जागृतीच्या आणि नंदकिशोरच्या तुकड्यांना पानं आली आहेत. बारीक, सरळ खोडं आहेत, खाली पोट नाही, आणि ते येणारही नाही. सुचिता अजून पुष्कळदा टीव्हीचा आवाज बंद करून बसते. शांतीची झाडं मात्र ती आणि जागृती दोघी मिळून खाली उतरवतात, आणि मागेल त्याला देतात.

मला आता कमी भरतात. गंज आतून वाढतो आहे आणि तळाशी एक बारीक भोक पडलं आहे. तक्रार नाही. पण जाण्याआधी तुमच्यासारख्या लहानांना एवढं सांगावंसं वाटतं. पाणी घालण्याआधी मातीत बोट घालून बघत जा. ओली असेल तर झारी खाली ठेवा, तुम्ही कितीही मायेने भरून आणली असली तरी. आणि तुमच्या घरात, वर्गात, शेजारी कुणी गप्प गप्प झालं असेल, तर सगळ्यांनी एकाच वेळी त्याच्यावर माया ओतू नका. कुणीच काही न करणं तर त्याहून वाईट. चोरून करू नका. दाराबाहेर उभं राहून आधी एकमेकांना विचारा, आज कुणाचा वार आहे?