एका श्वासाइतकं दूध

"आत्या, डुकरीण पिल्लांना दूध प्यायला कशी बोलावते? करून दाखव ना!"

दारात उभ्या असलेल्या आईने डोळे वटारले. बाबांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

खरं तर प्रश्न भाचीचा नव्हताच. मैत्रिणींनी पैज लावली होती. "तुझ्या त्या तोफखाना आत्याला हे विचार, तिचा आवाज रेकॉर्ड कर आणि आम्हाला पाठव. नाही जमलं तर शाळा उघडल्यावर आठवडाभर आमची सगळ्यांची दप्तरं तू उचलायची." आणि भोंग्याने छाती पुढे काढून "बस्स, एवढंच?" म्हटलं होतं.

भोंगा म्हणजे तीच. मागच्या वर्षापर्यंत ही मुलगी हजेरीला "हजर" म्हणायची ते फक्त तिच्या बाकाला ऐकू जायचं, आणि बाकही शेवटचा. मग क्रीडादिनाला ऐन वेळी माईकने मान टाकली, बाई रडकुंडीला आल्या, आणि कुणास ठाऊक कुठून, हिने उभं राहून बिनमाईकचं सगळं मैदान गाजवलं. त्या दिवशी तिला स्वतःचा आवाज सापडला. तो सापडला खरा, पण तेव्हापासून आवरत नव्हता.

आत्या खिडकीजवळच्या खाटेवर बसली होती, प्लॅस्टरमधला पाय उशीवर ठेवून. शेडमध्ये घसरून तिने तो मोडून घेतला होता, म्हणून तर सगळं कुटुंब सुट्टीभर तिच्याकडे येऊन राहिलं होतं. तिने भाचीकडे खालून वर आणि वरून खाली पाहिलं.

"मी काय डुकरीण दिसते तुला?"

"नाही गं आत्या, म्हणजे..."

"कशी बोलावते ते कळायला कान लागतात, तोंड नाही. शेडमध्ये जा. मोठ्या बाईंच्या समोर बस आणि तोंड मिटून ठेव. जमेल तुला?"

मोठ्या बाई म्हणजे आत्याची डुकरीण. शाळेतल्या मुख्याध्यापिकेलाही मुलं मोठ्या बाईच म्हणत, त्यामुळे पहिल्या दिवशी भोंग्याला हसू आवरेना. शेडचं दार उघडलं आणि ते हसू जागच्या जागी विरलं. कुणीतरी दोन गाद्या एकावर एक टाकाव्यात तशी ती भली थोरली माय कुशीवर पसरली होती. कोपऱ्यात उबेच्या दिव्याखाली चार दिवसांची पिल्लं एकमेकांवर ढीग करून झोपली होती, गुलाबी, तळहातभर, कानांतून उजेड आरपार जाणारी. भोंगा उलट्या बादलीवर बसली. तोंड मिटून. हेच मोठं अवघड काम होतं.

बराच वेळ काही झालं नाही. मग कुठूनतरी आवाज आला. आधी तिला वाटलं बाहेर ट्रक थांबलाय. पण तो आवाज मोठ्या बाईंच्या छातीच्याही खालून, पार पोटातून येत होता. घुर्र. थांबून पुन्हा, घुर्र. इतका हळू की कानापेक्षा बादलीच्या बुडाला आधी कळावा.

आणि ढीग जागा झाला! कुणीतरी बटण दाबावं तशी सगळी पिल्लं एकदम उठली, धडपडत, एकमेकांच्या अंगावरून उड्या मारत आईकडे सुटली आणि ओळीने तिच्या पोटाला भिडली. नाकाडांनी सड ढोसायला लागली. दूध मात्र येत नव्हतं. आईचा आवाज तसाच संथ चालू होता, आणि मग एका क्षणी, शिलाई मशीनच्या पायडलवर पाय जोरात पडावा तसा तो धडधडत सुटला. घुर्रघुर्रघुर्र! सगळी पिल्लं थिजली. ढोसणं बंद, भांडण बंद, शेपट्या ताठ. फक्त गटक, गटक, गटक.

भोंग्याने श्वास रोखून धरलाय हे तिचं तिलाच कळलं नव्हतं. तो तिने सोडला तेव्हा दूध संपलं होतं.

ती धावतच आत्याकडे गेली. "आत्या! संपलं पण! एवढं अवाढव्य अंग, आणि दूध फक्त... मी श्वास धरला होता, तेवढंच!"

आत्याचा चेहरा थोडा सैल झाला. "तेवढंच असतं. दिवसातून कितीतरी वेळा, पण दर वेळी तेवढंच. गाईसारखं सडात साठून राहत नाही ते. ती सोडेल तेव्हा, आणि सगळ्यांना एकदम. हाकेला उशीर केला तो पुढच्या हाकेपर्यंत उपाशी."

"मग ती भांडतात कशी नाहीत? मला तर डब्यासाठी..."

"जन्मल्यावर भांडतात की. चिकासाठी, त्या पहिल्या दुधासाठी, नुसती झोंबाझोंबी. एकदा सड ठरला की ठरला. जा, नीट बघ."

तिने नीट बघितलं. मार्करने पिल्लांच्या पाठीवर खुणा केल्या आणि दुसऱ्या दिवशी ती बादलीवरून पडायचीच बाकी राहिली. प्रत्येक पिल्लू दर वेळी आपल्याच सडाला! सगळ्यात पुढे, आईच्या गळ्याशी, काळ्या ठिपक्याचा गब्बू. त्याला तिने मॉनिटर म्हटलं. सगळ्यात मागे एक किडमिडीत पिल्लू, त्याचं नाव शेवटचा बाक. हे नाव ठेवताना तिला आत कुठंतरी गुदगुल्या झाल्या आणि थोडं टोचलंही. समोर फळा नाही, छडी नाही, नावं पुकारणारं कुणी नाही, तरी डोळे किलकिले करून झोपेतून उठलेली ही पोरं अंधारातसुद्धा आपली जागा चुकत नव्हती. आमच्या वर्गात, तिच्या मनात आलं, बाई पाठमोऱ्या झाल्या की चार जागा बदललेल्या असतात.

आत्या नाही तर मोठ्या बाईंचाच आवाज मैत्रिणींना पाठवू, असं तिने ठरवलं होतं, पण रेकॉर्डिंग राहून जात होतं. दर वेळी हाक सुरू झाली की ती फोन विसरायची.

मग आत्याने खाटेवरून हुकूम सोडायला सुरुवात केली. पिल्लांच्या कोपऱ्यात, जिथे गजांमधून आई शिरू शकत नाही, तिथे उथळ ताटलीत चिमूटभर बारीक भरडा ठेवायचा. "भूक भागायला नाही, नुसती ओळख व्हायला. आणि उरलेला रोज फेकायचा. शिळं तू खातेस का?" पहिल्या दिवशी पिल्लं ताटलीत झोपली. दुसऱ्या दिवशी मॉनिटरने नाक खुपसलं आणि असा शिंकला की भोंगा स्वतःच दचकली. हळूहळू कुणी चाटायला लागलं, कुणी चघळायला. पाण्याच्या नळीतून प्यायला तर शेवटचा बाक सगळ्यांच्या आधी शिकला. ती नाचलीच.

"एवढं काय झालं?" आईने शिलाईवरून मान न उचलता विचारलं.

"आई, तो स्वतःहून पाणी प्यायला!"

"तू पहिल्यांदा प्यायलीस तेव्हा मीसुद्धा एवढी नाचले नव्हते."

सुट्टी संपत आली आणि दूध तोडायचे दिवस आले. त्या दिवशी बाबा आत्याच्या खाटेशी येऊन उभे राहिले. हार्डवेअरच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी हुज्जत घालणारा हा माणूस मोठ्या बहिणीपुढे मात्र शाळकरी पोर व्हायचा.

"ताई, स्पष्ट बोलतो. दूध तोडल्यावर पिल्लं धड खायला लागली तर शेड ठेवू. नाहीतर व्यापाऱ्याला बोलावतो, मोठ्या बाईंसकट घेऊन जाईल. मला दुकान, हिला शिलाई, तुझा पाय हा असा. कोण बघणार सगळं?"

भोंगा वाट बघत राहिली, आता आत्या तोफ डागणार. पण आत्याने नुसतं खिडकीबाहेर शेडच्या पत्र्याकडे तोंड फिरवलं.

बाबांनी त्यांच्या परीने कसूर केली नाही. दुकानातून चकचकीत स्टीलचं गोल पिंप आणलं, खाली चार झाकणं असलेलं. "झाकण ढकललं की खाद्य खाली येतं. आपोआप! एका वेळी चौघं आरामात खातील, मग पुढचे चौघं." मोठ्या बाईंना मागच्या लांबच्या खोलीत नेलं. पिल्लं त्यांच्याच ओळखीच्या खणात राहिली.

आणि कुणीही खाल्लं नाही.

सकाळी नाही, दुपारीही नाही. मॉनिटरने एकदा झाकण ढकललं, ते धाडकन वाजलं, तो पळाला. बाकीची एकमेकांच्या पोटाला नाकं घासत फिरत होती. कालपर्यंत टमटमीत असलेल्या कुशी आत गेल्या होत्या. "ताईला सांगू नका," बाबा हळूच म्हणाले, "उगाच जिवाला लावून घेईल. संध्याकाळपर्यंत बघतो, नाहीतर फोन." आणि खिशातला फोन चाचपला.

भोंगा बादलीवर बसली. समोर पिल्लं एकेक करून भिंतीशी जात होती, जिथे त्यांची आई पसरायची तिथे. तिथे आता नुसता सिमेंटचा गार कोबा होता. पिल्लं तिथे आडवी झाली. ओळीने. पुढे मॉनिटर, मध्ये बाकीची, आणि पार टोकाला शेवटचा बाक. प्रत्येक जण आपापल्या जागेवर, नाक भिंतीला लावून.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. आई नव्हती, सड नव्हते, पण जागा होत्या! पिल्लं वाट बघत होती. भूक त्यांना होती, पण त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. आणि हे चौघांनी आधी, चौघांनी नंतर... आयुष्यात ही पिल्लं कधी पाळीपाळीने जेवलीच नव्हती!

"बाबा! शेडमागे पडलेला तो रुंद पाइप उभा चिरून द्या, मधोमध!"

"कशाला?"

"द्या ना! सांगते मग."

पाइप कापायला मिळतोय म्हटल्यावर बाबांनी जास्त चौकशी केली नाही. चिरलेल्या पाइपच्या लांबच लांब पन्हळीत तिने भरडा कोमट पाण्यात पातळसर कालवला, पन्हळ भिंतीशी ओळीने ठेवली, आणि आपल्या जगप्रसिद्ध आवाजात ओरडली, "याऽऽ! चलाऽऽ जेवायलाऽऽ!"

पिल्लं जीव मुठीत घेऊन दिव्याखाली पळाली.

भोंगा ओशाळली. या आवाजाने मैदान हललं होतं, आणि इथे तो काडीच्या कामाचा नव्हता. मग तिने पन्हळ जरा पुढे ओढली, गोणपाट आणलं, भिंत आणि पन्हळ यांच्यामध्ये अंथरलं आणि कुशीवर आडवी झाली. मैत्रिणींनी बघितलं असतं तर? असू दे. तिने डोळे मिटले, तो पोटातला आवाज आठवला आणि आपला आवाज खाली नेला. अजून खाली. घशातून आला तो खोटा वाटला, छातीतून आला तोही. आणखी खाली, जिथे आपल्याला आवाज आहे हे तिला आजवर ठाऊकच नव्हतं, तिथून आला.

घुर्र.

एक कान हलला.

घुर्र. थांबून, घुर्र.

ढीग उठला. आधी दोघं, मग सगळीच, खुरांचा टपटप पाऊस पाडत आली. पन्हळीशी ओळ लागली. नाकाडं काठाला ढोसत होती, तिच्या हातावर, कोपरावर ऊन ऊन श्वास येत होते. तिचं काळीज इतकं उडत होतं की वेग वाढवायची गरजच पडली नाही, आवाज आपोआप धडधडला. घुर्रघुर्रघुर्र! आणि सगळी नाकं एकाच वेळी पन्हळीत गेली.

गटक, गटक, गटक.

एक श्वासभर. मग सगळ्यांनी तोंडं वर केली. संपलं, असं त्यांना वाटलं होतं. आजवर तेवढंच तर असायचं! भरड्याने माखलेली ती तोंडं तिच्याकडे बघत राहिली, आणि ती हसावं की रडावं या विचारात असतानाच पुन्हा घुरघुरली. पुन्हा एक श्वास. पुन्हा. तिसऱ्या की चौथ्या वेळी भोंगा घुरघुरायची थांबली, आणि शेवटचा बाक थांबला नाही. त्याने डोकं आत तसंच ठेवलं. त्याला कळलं होतं, हे दूध संपत नाही. त्याचं बघून शेजारचा, मग त्याच्या शेजारचा, आणि ते कळणं ओळीतून सरकत सरकत सगळ्यात शेवटी मॉनिटरपर्यंत पोचलं.

तेवढ्यात खिडकीतून तोफ धडाडली.

"बाळ्याऽऽ! अरे कुठं तडमडलास? मोठ्या बाई सुटल्या! पिल्लांत शिरल्यात! कान फुटले का तुझे?"

बाबा हातात दोरी घेऊन धावत आले. मागून आई, गळ्यात मोजायची टेप. दोघं दारातच खिळले. गोणपाटावर आडवी झालेली त्यांची मुलगी, केसांत भरडा, आणि तिच्यासमोर ओळीने हलणाऱ्या शेपट्या.

"ताई," बाबांनी शेवटी हाक दिली, "मोठ्या बाई जागेवरच आहेत. ही... ही तुझी भाची आहे."

खिडकीतून आत्याचं हसू ऐकू आलं, खाट करकरेपर्यंतचं.

तिचा फोन घरात चार्जिंगला होता. म्हणजे पैज हरलीच, आता आठवडाभर दप्तरं. उचलू की! भोंगा हळूच उठून बसली. शेवटच्या बाकाने तिच्या हनुवटीला ओलं नाक लावलं आणि परत जेवायला गेला. बाबांचा हात सवयीने खिशातल्या फोनकडे जाताना तिने पाहिला, आणि ती बोलली, इतकं हळू की आईबाबांना ऐकायला वाकावं लागलं.

"बाबा, व्यापाऱ्याला फोन राहू द्या. परवा तुम्ही दोघं घरी जा, मी येणार नाहीये. शाळेची बस इथल्या कोपऱ्यावरच थांबते, मी विचारून आलेय. आत्याचं प्लॅस्टर निघेपर्यंत मी इथे आहे, आणि निघाल्यावरही. मोठ्या बाईंना पुढची पिल्लं होतील ना, त्यांना बोलवायचंय मला."